फॅक्सचा खरा खर्च कुणाच्या वहीत सापडतो?



पीएच.डी.चा प्रस्ताव लिहिणाऱ्यांकडून एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं : "मी अमुक आणि तमुक सेवेच्या खर्चाचा तुलनात्मक अभ्यास करणार आहे." ऐकायला एकदम सोपं वाटतं. दोघांची दरपत्रकं मिळवायची, शेजारी-शेजारी ठेवायची, एक तक्ता करायचा, झालं! पण प्रस्ताव समितीसमोर गेला की पहिलाच प्रश्न येतो : खर्च म्हणजे कुणाचा खर्च? आणि तिथे बरेच जण अडखळतात.

हा प्रश्न का महत्त्वाचा आहे, ते आज एका उदाहरणातून बघू. उदाहरण मुद्दाम जुनं आणि जरा रुक्ष निवडलंय : अमेरिकेतल्या फॅक्स ब्रॉडकास्टिंग सेवा. काळ साधारण १९८५ ते २०१५. विषय छोटा आहे, पण त्यात तंत्रज्ञान आहे, बाजार आहे, कायदा आहे आणि कोर्टकचेरीही आहे. मुख्य म्हणजे "खरा खर्च किती?" या एकाच प्रश्नावर तिथे संसद, सरकारी आयोग आणि न्यायालयं अशा तिघांनी वेगवेगळ्या वेळी उत्तरं दिली आहेत. खर्चाबद्दल इतका लेखी वाद फार कमी सेवांच्या वाट्याला आला असेल.

आधी थोडी पार्श्वभूमी

तुमच्यापैकी अनेकांनी फॅक्स मशीन फक्त सरकारी कार्यालयाच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेलं पाहिलं असेल. थोड्या मोठ्यांना एसटीडी-आयएसडीच्या बूथवरची 'फॅक्स' अशी पाटी आठवेल. कागद मशीनमध्ये घालायचा, नंबर लावायचा, थोडी किर्रकिर्र ऐकायची आणि पलीकडे तसाच कागद बाहेर यायचा.

हे यंत्र एका दिवसात घरोघरी आलं नाही. १९६६ मध्ये झेरॉक्सने बाजारात आणलेलं मॅग्नाफॅक्स टेलिकॉपियर एक पान पाठवायला सुमारे ६ मिनिटं घेई. तेव्हाच्या लांब पल्ल्याच्या कॉलच्या दराने ६ मिनिटं म्हणजे चैनच होती. परिस्थिती बदलली ती तीन गोष्टींमुळे. पहिली, १९६८ चा कार्टरफोन निर्णय. त्यानंतर अमेरिकेत ग्राहकांना टेलिफोनच्या जाळ्याला स्वतःची उपकरणं जोडण्याचा मार्ग खुला झाला. दुसरी, १९८० मध्ये मान्य झालेलं 'ग्रुप ३' हे आंतरराष्ट्रीय मानक. त्यामुळे कुठल्याही कंपनीचं मशीन कुठल्याही कंपनीच्या मशीनशी बोलू लागलं आणि साधं पान मिनिटाच्या आत जाऊ लागलं. तिसरी, १ जानेवारी १९८४ रोजी झालेलं एटी अँड टी कंपनीचं विभाजन. त्यानंतरच्या स्पर्धेत लांब पल्ल्याच्या कॉलचे दर घसरत गेले.

मशीन स्वस्त, कॉल स्वस्त आणि सगळ्यांची मशीनं एकमेकांशी जुळणारी. मग साहजिकच पुढचा विचार आला : एकच कागद हजार जणांना पाठवायचा असेल तर? ऑफिसातल्या मशीनवर एकेक नंबर लावत बसलं तर दिवस जाईल. म्हणून अशा कंपन्या उभ्या राहिल्या, ज्यांच्याकडे शेकडो फोन लाइन आणि त्यांना जोडलेले संगणक होते. तुम्ही त्यांना मजकूर आणि नंबरांची यादी द्यायची, ते एकाच वेळी अनेक लाइनवरून फॅक्स सोडणार. यालाच फॅक्स ब्रॉडकास्टिंग म्हणत. यातली एक मोठी कंपनी होती न्यू जर्सीची एक्स्पिडाइट सिस्टिम्स. १९९८ मध्ये प्रीमियर टेक्नॉलॉजीजने ती विकत घेतली.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. हा धंदा मुळात लबाडीचा नव्हता. बाजाराचं दैनिक टिपण, प्रसिद्धिपत्रकं, व्यापारी संघटनेची सभासदांना सूचना, ट्रॅव्हल एजंटांना बदललेले दर : हे सगळं पाठवायला त्या काळात याहून जलद मार्ग नव्हता. ई-मेल अजून सगळ्यांकडे नव्हता आणि टपालाला दोन-तीन दिवस लागत.

पहिली वही : पाठवणाऱ्याची

आता दरपत्रकाकडे येऊ. संशोधक म्हणून तुम्हाला दोन सेवांची तुलना करायची आहे. एक सेवा म्हणते, "पानाला इतके सेंट." दुसरी म्हणते, "मिनिटाला इतके सेंट." इथेच पहिला खड्डा आहे, कारण एकक वेगळं आहे. आणि पानाचं मिनिटात रूपांतर करायचं तर फॅक्स चालतो कसा, हे समजून घ्यावंच लागतं.

ग्रुप ३ मशीन कागद ओळीओळीने वाचतं. एका ओळीत १,७२८ बिंदू, आणि साध्या रिझोल्यूशनला उभ्या दिशेने दर मिलिमीटरला ३.८५ ओळी. म्हणजे ए४ पानाच्या सुमारे १,१४३ ओळी आणि एकूण जवळपास २० लाख बिंदू. सेकंदाला ९,६०० बिट या वेगाने हे सगळे बिंदू जसेच्या तसे पाठवले, तर साडेतीन मिनिटांच्या आसपास लागतील. प्रत्यक्षात साधं पत्र मिनिटाच्या आत जातं, कारण मशीन सलग पांढऱ्या किंवा काळ्या पट्ट्याची फक्त लांबी सांकेतिक स्वरूपात पाठवतं. कागद जितका मोकळा, तितका वेळ कमी. कागदावर फोटो, बारीक ठिपक्यांची छटा, गच्च भरलेला लोगो असेल तर पट्टे तुटक होतात आणि वेळ वाढतो. 'फाइन' रिझोल्यूशन निवडलं तर ओळी थेट दुप्पट होतात. शिवाय प्रत्येक कॉलच्या सुरुवातीला दोन्ही मशीनं एकमेकांशी वेग आणि पद्धत ठरवून घेतात, त्यात काही सेकंद जातातच. मीटर मात्र तेव्हापासूनच चालू असतं.

आता एक काल्पनिक हिशोब करू. खालचे दर कुठल्याही खऱ्या कंपनीचे नाहीत, फक्त पद्धत कळावी म्हणून घेतले आहेत. समजा, १,००० नंबर आहेत. त्यातले ८५० ठिकाणी फॅक्स पोचला, १०० ठिकाणी माणसाने फोन उचलला (म्हणजे नंबर चुकीचा होता) आणि ५० ठिकाणी लाइन गुंतलेली होती किंवा कुणी उचललीच नाही.

- सेवा 'क' : पोचलेल्या पानाला १० सेंट. चुकलेल्या कॉलचे पैसे नाहीत.
- सेवा 'ख' : मिनिटाला ८ सेंट, पण अपुरं मिनिट पूर्ण धरायचं. माणसाने उचललेला कॉलही एक मिनिट धरायचा.
- सेवा 'ग' : मिनिटाला ९ सेंट, पण मोजणी ६-६ सेकंदांच्या टप्प्यांत. माणसाने उचललेला कॉल सरासरी २० सेकंदांचा, म्हणजे २४ सेकंद धरायचे.

पान साधं आहे आणि ४० सेकंदांत जातं असं धरू. 'क'चा खर्च ८५ डॉलर. 'ख'चा ६८ अधिक चुकलेल्या कॉलचे ८, एकूण ७६ डॉलर. 'ग' ४० सेकंदांचे ४२ धरेल, म्हणजे पानाला ६.३ सेंट, आणि चुकलेल्या कॉलचे ३.६० डॉलर धरून एकूण ५७.१५ डॉलर. 'ग' सगळ्यात स्वस्त.

आता त्याच पानावर एक मोठं चित्र घाला, पान १०० सेकंद घेईल. 'क' तसाच ८५ वर. 'ख' दोन मिनिटं धरणार, १३६ अधिक ८, म्हणजे १४४ डॉलर. 'ग' १०२ सेकंद धरणार, एकूण १३३.६५ डॉलर. आधी सगळ्यात महाग असलेली सेवा आता सगळ्यात स्वस्त झाली! दर बदलले नाहीत, ग्राहक बदलला नाही. फक्त कागदावर एक चित्र आलं.

म्हणजे दरपत्रकावर सगळ्यात कमी आकडा होता 'ख'चा, ८ सेंट. आणि दोन्ही प्रसंगांत तो पहिला आला नाही. त्यामुळे "सेवा 'ख' स्वस्त होती" असं वाक्य प्रबंधात लिहायला आधारच नाही. "अमुक प्रकारच्या पानासाठी, अमुक दर्जाच्या यादीसाठी, मोजणीची अमुक पद्धत धरता" असं लिहिता येतं. वाक्य लांबतं, पण त्याला आव्हान देणं अवघड होतं. त्यात यादी तपासून देण्याचे पैसे, प्राथमिक आकार, परदेशी नंबरांचे वेगळे दर आणि गुंतलेल्या लाइनवर किती वेळा पुन्हा प्रयत्न करणार, हे सगळं मिळवलं की पहिल्या वहीचा हिशोब पुरा होतो.

बहुतेक तुलना इथेच थांबतात. आपण थांबायचं नाही.

दुसरी वही : घेणाऱ्याची

टपालाने जाहिरात आली तर कागद, छपाई आणि तिकीट सगळं पाठवणाऱ्याचं असतं. फॅक्सचं तसं नाही. कागद घेणाऱ्याचा, शाई किंवा टोनर घेणाऱ्याचं, मशीन घेणाऱ्याचं आणि तितका वेळ अडलेली लाइनही घेणाऱ्याचीच. १९८० च्या दशकातल्या अनेक मशीनमध्ये थर्मल कागदाचा रोल असे आणि तो साध्या कागदापेक्षा महाग पडे. ज्या छोट्या ऑफिसात एकच लाइन होती, तिथे जाहिरात येत असताना खऱ्या गिऱ्हाइकाची ऑर्डर बाहेर ताटकळत राही.

आपल्या काल्पनिक उदाहरणातच ही वही उघडा. समजा, घेणाऱ्याला पानामागे कागद-शाईचे ५ सेंट पडतात आणि तो कागद उचलून, बघून, टाकायला कर्मचाऱ्याचं अर्धं मिनिट जातं. तासाला १२ डॉलर पगार धरला तर अर्ध्या मिनिटाचे १० सेंट. म्हणजे प्रत्येकी १५ सेंट, आणि ८५० जणांचे मिळून १२७.५० डॉलर. पाठवणाऱ्याने साध्या पानासाठी 'ग' सेवेला दिले होते ५७.१५ डॉलर. म्हणजे एकूण खर्चातला मोठा वाटा ज्यांनी काही मागितलंच नव्हतं, त्यांनी उचलला. आणि तो कुठल्याही एका बिलात दिसत नाही, कारण तो ८५० वह्यांत पंधरा-पंधरा सेंटांनी विखुरलेला आहे.

इथे एक भेद सांभाळा. घेणाऱ्याने स्वतःहून मागवलेला फॅक्स असेल, उदाहरणार्थ बाजारभावाचं टिपण, तर तेच १५ सेंट त्याच्या दृष्टीने वसूल झालेले असतात. कागद तोच, मशीन तेच, वेळ तोच. फरक फक्त संमतीचा. म्हणून 'खर्च' आणि 'लादलेला खर्च' या दोन वेगळ्या संकल्पना आहेत आणि प्रबंधात त्या वेगळ्याच ठेवायला हव्यात.

हा लादलेला खर्च राजकारणात कसा पोचला, त्याचा एक किस्सा बोलका आहे. १९८९ मध्ये कनेटिकट राज्यात नको असलेल्या जाहिराती फॅक्सवर बंदी आणणारं विधेयक गव्हर्नर विल्यम ओनील यांच्या सहीसाठी आलं होतं. विरोध करणाऱ्यांनी आपलं म्हणणं मांडायला गव्हर्नरांच्या कार्यालयावर फॅक्सचा भडिमार केला आणि त्यांचं मशीन अडवून ठेवलं. ओनील यांनी विधेयकावर सही केली. लादलेला खर्च म्हणजे काय, याचं प्रात्यक्षिक विरोधकांनीच करून दाखवलं होतं.

देशपातळीवरचा कायदा त्यानंतर आला. २० डिसेंबर १९९१ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश यांनी टेलिफोन कन्झ्युमर प्रोटेक्शन ॲक्टवर सही केली. त्यात नको असलेल्या जाहिराती फॅक्सवर बंदी आली. प्रतिनिधिगृहाच्या समितीच्या अहवालात दिलेली कारणं दोनच होती : जाहिरातीच्या खर्चाचा काही भाग पाठवणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे ढकलला जातो, आणि मशीन अडकल्यामुळे कामाचे संदेश थांबतात. म्हणजे आपली 'दुसरी वही' आता कायद्याच्या भाषेत आली.

तिसरी वही : न्यायालयाची

या कायद्याने एक किंमतही ठरवून दिली. प्रत्येक बेकायदा फॅक्समागे घेणाऱ्याला प्रत्यक्ष नुकसान किंवा ५०० डॉलर, यातली मोठी रक्कम मागता येते. जाणूनबुजून केलेलं असेल तर न्यायालय ती तिप्पट, म्हणजे १,५०० डॉलरपर्यंत नेऊ शकतं. आपल्या उदाहरणातले ८५० फॅक्स बिनासंमतीचे असते, तर? ८५० गुणिले ५००, म्हणजे ४,२५,००० डॉलर. दरपत्रकावरच्या ५७.१५ डॉलरशेजारी हा आकडा ठेवून बघा.

हे फक्त कागदावरचं गणित नव्हतं. जॉर्जियातल्या ऑगस्टा शहरातल्या हूटर्स या रेस्टॉरंटची जाहिरात फॅक्सने १,३२१ जणांना प्रत्येकी ६ वेळा गेली होती. एकूण ७,९२६ फॅक्स. २००१ मध्ये निकाल लागला तेव्हा प्रत्येक फॅक्सला १,५०० डॉलर धरून रक्कम झाली १ कोटी १८ लाख ८९ हजार डॉलर. पुढे विमा कंपनीने हे भरायचं की नाही, यावर वेगळा खटला चालला आणि त्यानंतरच्या काळात बऱ्याच विमा कंपन्यांनी असे दावे पॉलिसीतून स्पष्टपणे वगळायला सुरुवात केली. म्हणजे विम्याचं संरक्षण आटणं हाही या सेवेचा एक खर्च झाला.

आता सेवा देणाऱ्या कंपनीचं काय? फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन, म्हणजे एफसीसी, या आयोगाने कॅलिफोर्नियाच्या फॅक्स डॉट कॉम या कंपनीला ऑगस्ट २००२ मध्ये ५३ लाख ७९ हजार डॉलर दंडाची नोटीस दिली. ४८९ फॅक्स, प्रत्येकी ११,००० डॉलर. जानेवारी २००४ मध्ये तो दंड कायम झाला. पण सर्वसाधारण नियम असा राहिला, की 'पाठवणारा' म्हणजे ज्याच्या मालाची जाहिरात आहे तो. ब्रॉडकास्टिंग कंपनी तेव्हाच अडकते, जेव्हा तिचा सहभाग मोठा असतो किंवा तिला बेकायदेशीरपणाची प्रत्यक्ष कल्पना असूनही ती थांबत नाही. म्हणजे स्वस्त सेवा निवडणाऱ्या दुकानदाराच्या कोटेशनमध्ये 'पानाला १० सेंट' एवढंच लिहिलेलं असे. नंबरांची यादी संमतीने गोळा केलेली नसेल तर येणारी जोखीम त्याच्याच गळ्यात पडे आणि ती कुठल्याच रकान्यात नसे.

पण थांबा, ५०० डॉलर हा तरी 'खरा' खर्च का?

इथे अनेक विद्यार्थी उडी मारतात : "म्हणजे खरा खर्च फॅक्समागे ५०० डॉलर!" नाही. तो कायद्याने ठरवलेला आकडा आहे. १५ सेंटांसाठी कुणी कोर्टात जात नाही, म्हणून कोर्टात जाण्याइतपत रक्कम आणि पाठवणाऱ्याला धाक बसेल इतपत रक्कम, असा तो आहे. मोजमाप आणि धाक यांची सरमिसळ करू नका.

न्यायालयांतही यावर एकमत नव्हतं. ओरेगनच्या डेस्टिनेशन व्हेंचर्स या कंपनीने कायद्यालाच आव्हान दिलं. अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा मुद्दा होताच, शिवाय नवी मशीनं आणि संगणक आल्यावर घेणाऱ्याचा खर्च राहणार नाही, असंही त्यांचं म्हणणं होतं. १९९५ मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने ते फेटाळलं : कायदा झाला तेव्हाची समस्या बघायची, पुढे काय होईल ते नाही. मिसुरी राज्याने अमेरिकन ब्लास्ट फॅक्स आणि फॅक्स डॉट कॉम यांच्यावर भरलेल्या खटल्यात मात्र २००२ मध्ये खालच्या न्यायालयाने उलट कौल दिला आणि ही बंदी घटनाबाह्य ठरवली. २००३ मध्ये आठव्या सर्किटने तो निर्णय फिरवला. एकच कायदा, तोच प्रकार, आणि लादलेला खर्च पुरेसा मोठा आहे का, यावर दोन न्यायालयांची दोन मतं.

त्यातच २०१३ चा सातव्या सर्किटचा निर्णय वाचण्यासारखा आहे. इलिनॉयमधल्या एका वकिलाने आपलं बातमीपत्र फॅक्सने पाठवलं होतं. बहुतेक मजकूर माहितीचा, थोडा भाग स्वतःच्या ओळखीचा. न्यायालयाने ती जाहिरातच धरली. ८,४३० फॅक्स, प्रत्येकी ५०० डॉलर, म्हणजे ४२ लाख १५ हजार डॉलर. आणि खर्चाबद्दल न्यायालयाचं म्हणणं असं होतं, की फॅक्स संगणकावर आला आणि न छापताच पुसला, तरी तो नको असलेला आहे हे कळेपर्यंत गेलेला वेळ हेही नुकसानच. बघा, १९९१ मध्ये मुख्य खर्च कागदाचा होता. २०१३ पर्यंत कागद गेला, उरला वेळ. खर्चाचं प्रमाण बदललं, त्याचा प्रकारही बदलला, कायदा मात्र तोच.

छोट्या व्यावसायिकांची बाजूही सोडू नका. ज्यांच्याशी आधीपासून व्यवहार आहे अशा ग्राहकांनाही दर वेळी लेखी संमती घ्यायची का, यावर मोठा वाद झाला. शेवटी २००५ च्या जंक फॅक्स प्रिव्हेन्शन ॲक्टने जुन्या व्यवहाराची सवलत कायद्यातच घातली आणि बदल्यात 'आम्हाला वगळा' असं कळवायची सोय पहिल्या पानावर छापणं सक्तीचं केलं. एफसीसीने पुढे ही सूचना मागवलेल्या फॅक्सवरही सक्तीची केली, तेव्हा २०१७ मध्ये डीसी सर्किटने तो नियम रद्द केला. मागवलेल्या फॅक्सवर एक ओळ राहून गेली म्हणून लाखोंचा दावा, हाही कुणाचा तरी खर्चच होता.

साधनं काय सांगतात, काय लपवतात

आता पद्धतीबद्दल. या विषयावर काम करायचं तर तुमच्या हाती चार प्रकारची साधनं येतात. दरपत्रकं आणि जाहिराती : ही गिऱ्हाईक मिळवण्यासाठी लिहिलेली असतात, त्यामुळे त्यांत फक्त पहिली वही आणि तीही सोयीच्या एककात. संसदेच्या समित्यांचे अहवाल : ते कायदा का हवा हे पटवण्यासाठी लिहिलेले, त्यामुळे दुसरी वही ठळक. न्यायालयीन निकाल : त्यांत आकडे नेमके असतात, पण दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीने मांडलेले, आणि फक्त भांडण झालेल्या प्रकरणांचे. ज्या लाखो फॅक्सबद्दल कुणी तक्रार केली नाही, ते इथे सापडणार नाहीत.

चौथं साधन म्हणजे खुद्द फॅक्स. आणि तिथे एक गंमत आहे, वाईट अर्थाने. थर्मल कागदावरची अक्षरं उष्णतेने आणि उजेडाने पुसट होत जातात. म्हणून जपून ठेवायचा फॅक्स त्या काळात लोक झेरॉक्स काढून फाइलला लावत. जे महत्त्वाचं वाटलं, त्याची झेरॉक्स निघाली. जाहिरात कोण जपून ठेवणार? त्यामुळे दप्तरात जे उरतं त्यावरून "फॅक्सवर प्रामुख्याने कामाचाच पत्रव्यवहार चाले" असा निष्कर्ष काढणं धोक्याचं आहे. साधन उरलं कसं, हा प्रश्न साधनात काय लिहिलंय याच्या आधी विचारायचा.

तुमच्या विषयाला हे कसं लावाल?

तुमचा विषय फॅक्स नसणार, हे उघड आहे. पण खर्चाची तुलना करताना हे प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा :

- एकक काय आहे, आणि दोन्ही बाजूंचं एकक एकच आहे का?
- अपयशी व्यवहारांचा खर्च कुठे धरलाय?
- जो पैसे देतो आणि जो खर्च सोसतो, ते एकच आहेत का?
- सोसणाऱ्याची संमती होती का?
- आकडा मोजमापाचा आहे, की धाक बसवण्यासाठी किंवा विकण्यासाठी ठरवलेला?
- खर्चाचा प्रकार काळानुसार बदलला का?

आपल्याकडेही असे विषय भरपूर पडलेत. २००३ पर्यंत भारतात मोबाईलवर आलेल्या कॉलचेही पैसे घेणाऱ्याला पडत. १ मे २००३ पासून कॉल करणाऱ्याने पैसे द्यायची पद्धत आली. त्याआधी नको असलेला कॉल घेणाऱ्याला कसा पडत असेल? मिस्ड कॉल देऊन निरोप पोचवणारी माणसं नेमका कुणाचा खर्च वाचवत होती? २००७ मध्ये जाहिरातींच्या कॉलविरोधी राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली, तिचा भार कंपन्यांवर पडला की नोंदणी करत बसलेल्या ग्राहकावर? हे प्रश्न मराठीतून, इथल्या साधनांवरून विचारता येण्यासारखे आहेत. जुनी बिलं, एसटीडी बूथवाल्यांच्या वह्या, वर्तमानपत्रांतली वाचकांची पत्रं : अजून घराघरांत सापडतील, पण फार वर्षं नाही.

म्हणून समितीने "खर्च कुणाचा?" असं विचारलं की घाबरू नका. किमान तीन वह्या उघडून दाखवा आणि तुम्ही त्यातली कुठली मोजणार आहात, कुठली नाही आणि का, ते सांगा. तीन वह्यांची बेरीज करून एकच आकडा काढायचा मोह होईल. तो टाळा. पाठवणाऱ्याचे ५७ डॉलर, घेणाऱ्यांचे विखुरलेले १२७ आणि न्यायालयाचे सव्वाचार लाख, हे वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत.

तुमच्या प्रस्तावातला खर्चाचा परिच्छेद या प्रश्नांवर एकदा घासून बघा. पुढच्या लेखात दरपत्रकं आणि बिलं यांसारख्या 'किरकोळ' कागदांची नोंद कशी ठेवायची, ते बघू.